शिडावरचे सहा धागे

माझ्या नातीची शर्यत मी घालवली. म्हातारी माणसं उगाच सगळ्याचा दोष आपल्याकडं ओढून घेतात, असं लोक म्हणतात. मला ती सवय नाही. जे केलं नाही ते मी कधी कबूल केलं नाही. हे केलं, म्हणून लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, तेवढ्यात बसेल तेवढंच लिहिणार.

आमचं घर कळंब्याला, तळ्यापासून चालत दहा मिनिटांवर. घरात मुलगा, सून, नात आणि मी. मुलगा उचगावकडं फौंड्रीत कामाला जातो. नात एकुलती एक. आईचं दूध सुटलं तेव्हापासून ती माझ्या अंथरुणात झोपायची. सतरा वर्षांची झाली तरी तेच. झोपेत लाथा मारायची. सून म्हणायची, "अगं, आता येगळी झोप की, घोडी झालीस." ती म्हणायची, "आज्जीला थंडी वाजती." मला थंडी वाजत नव्हती. पण मी कधी तसं म्हटलं नाही.

लग्न होऊन आले तेव्हापासून तळं बघत होते. त्यात म्हसरं बघितली, कपडे धुणाऱ्या बाया बघितल्या, बुडालेली माणसं काढताना बघितली. शिडाची होडी मात्र साठी उलटल्यावर बघितली. नात आठवीत असताना खेळाचे एक सर शाळेतून दहा-बारा पोरं-पोरी तळ्यावर घेऊन गेले. बाकीची चार दिवसांत कंटाळली. ही राहिली.

होडी कसली, एक माणूस बसेल एवढं पांढरं टरफल. त्यावर एक खांब, खांबाला शीड, मागं सुकाणू. शिडाचा दोर एका हातात, सुकाणू दुसऱ्या हातात, आणि होडी कलंडायला लागली की आपण उलट्या बाजूला पाण्यावर ओणवं व्हायचं. पहिल्या दिवशी ती भिजून घरी आली आणि मला म्हणाली, "आज्जे, वारं समोरनं आलं तरी होडी फुडं जाती, ठाऊक हाय?"

"जा गं. वाऱ्याच्या तोंडावर कोण जातंय?"

"सरळ न्हाई जायाचं. तिरकं जायाचं. हिकडनं तिकडं, तिकडनं हिकडं. घाट चढतोय तसं."

मला ते खरं वाटेना. दुसऱ्या दिवशी बंधाऱ्यावर जाऊन बसले आणि बघितलं. खरंच जात होती. वारं तोंडावर, पोरगी ओणवी, आणि होडी वाकडी वाकडी करत पुढं. मी तासभर बसले. घरी येऊन सुनेला म्हटलं, पोरगी बुडणार नाही. यापेक्षा जास्त कौतुक मला करता येत नाही.

पाच वर्षं हे चाललं. सकाळी शाळेआधी, सुट्टीत दिवसभर. हाताला दोरानं घट्टे पडले, नाकाची कातडी सोलून निघाली. मुलाला ते आवडत नव्हतं, पण तो गप्प होता. मग ती बारावीत असताना सर घरी आले. जवळच्या जिल्ह्यांतल्या पोरींची शर्यत आमच्याच तळ्यावर होणार, पहिल्या दोघी निवडून समुद्रावर पाठवणार, दोन वर्षं तिथंच राहायचं, शिकायचं तिथंच, होडी तिथंच, असं त्यांनी सांगितलं. मुलगा ऐकून घेत होता. सर गेल्यावर तो पोरीला म्हणाला, "औंदा निवडलीस तर जा. न्हाय निवडलीस तर बोट बंद. कायमची. हितलं कॉलेज करायचं. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली. विचारही केला नाही. वारं कधी कसं फिरेल हे तिला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं, तरी कबूल म्हणाली.

त्या रात्री जेवणं झाल्यावर लगेच ती अंथरुणात येऊन म्हणाली, "आज्जे, समुद्र बघितलाईस?"

"गणपतीपुळ्याला. एकदा."

"कसा हाय?"

"खारट."

ती हसत सुटली. मला हसू आलं नाही. दोन वर्षं मी हिच्याविना कशी झोपणार, हेच डोक्यात चाललं होतं. तिनं जाऊ नये असं मला वाटत होतं. हे मी कुणालाही सांगितलं नाही. म्हातारीनं असं म्हटलं तर लोक म्हणतात, बघा, पोरीचं पुढं जाणं बघवत नाही.

आता माझ्या कामाबद्दल लिहावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका दुकानासाठी मी घरी बसून तीस वर्षं काम केलं. काजं करायची, बटणं लावायची आणि धागे कापायचे. शिवलेल्या कापडाला जागोजाग धाग्याची शेपटं राहतात, ती कापायची. दुकानदार एकेक सदरा उजेडाला धरून बघायचा. एक धागा लोंबताना दिसला तर अख्खा गठ्ठा परत. त्यामुळं माझ्या हाताला खोड लागली आहे. लोंबता धागा दिसला की हात कात्रीकडं जातो. घरी आलेल्या पाहुण्यांच्या शर्टाचाही मी बोलता बोलता कापला आहे. ते दचकून उभे राहिले होते.

शर्यतीच्या आदल्या दिवशी तिच्या होडीचं शीड फाटलं. काठावरच्या बाभळीत अडकून वीतभर चीर गेली. दुसरं चांगलं शीड तळ्यावर नव्हतं. सर म्हणाले, पुण्याला पाठवावं लागेल. नात शीड गुंडाळून खांद्यावर टाकून घरी आली. "आज्जे, शिवून दे की."

दुपार कलत होती. मी पायाचं मशीन दारात उजेडाला ओढलं, जाड सुई घातली. ते कापड कागदासारखं करकरीत, वळता वळत नव्हतं. तरी आत-बाहेर पट्टी लावून दुहेरी शिवण घातली. चांगली घातली. अजूनही सांगते, त्या शिवणीत काही खोट नव्हती. मग मी शीड ओसरीवर पसरलं आणि नेहमीसारखी धागे बघायला लागले.

खांबाकडच्या बाजूला एक लाल लोकरीचा धागा लोंबत होता, बोटभर लांब. कापला. खाली आणखी एक होता. तोही कापला. तिसऱ्याला हात घातला तेव्हा दिसलं की तो शिवणीतून आलेला नव्हता, चिकटपट्टीनं चिकटवलेला होता. मी शीड उलटं केलं. पलीकडच्या अंगाला बरोबर त्याच जागी हिरवे धागे होते. तीन. एकेक वितीच्या अंतरावर, मापून लावल्यासारखे.

शिवणकाम करणाऱ्या बाईला एवढं कळतं. दोन्ही अंगांना एकाच मापात आलेला धागा चुकून आलेला नसतो. कुणीतरी तो कामासाठी लावलेला असतो. काय काम ते मला ठाऊक नव्हतं. विचारायला नात आतल्या खोलीत होती, चार पावलांवर. भाकरीचा तुकडा खात होती, मला तिचं चावणं ऐकू येत होतं.

मी विचारलं नाही. उरलेले चार धागे नखानं पट्टी उकरून काढले. पट्ट्यांचा गोळा केला, धागे त्यात दाबले आणि केरात टाकले. शीड गुंडाळून दोर बांधून ठेवलं.

त्या वेळी मनात काय होतं हे मी फार वेळा शोधलं. शर्यत हरावी असं काही ठरवलं होतं का? नाही. तेवढं डोकं चाललं नव्हतं. पण काहीतरी बिघडवते आहे हे हाताला कळत होतं, आणि हात थांबला नाही. पहिले दोन धागे खोडीनं गेले. पुढचे चार मी काढले.

दुसऱ्या दिवशी सगळे तळ्यावर गेलो. गणपती होऊन गेले होते, नवरात्र लांब होतं. त्या दिवसांत आमच्याकडं हवेचा काही नेम नसतो. घटकेत ऊन, घटकेत भुरभुर, वारं कधी अंगावर येतं तर कधी नाहीसं होतं. नऊ पोरी होत्या. नातीनं काठावर शीड सोडलं, खांबावर चढवलं आणि थांबली. हात फिरवून बघितलं. दुसऱ्या अंगाला जाऊन बघितलं.

"आज्जे, हितलं धागं कुठं गेलं?"

"कसलं धागं?"

"लाल आन् हिरवं. लोकरीचं."

"लोंबत हुतं. कापलं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मुलगा म्हणाला, "अगं, आज्जी तुझ्या लग्नात नवऱ्याच्या फेट्याचा शेमला बी कापंल. ल्हान धागा, त्येचं काय एवढं?"

सरांनी त्याला समजावून सांगितलं, तेव्हा मलाही समजलं. वारं डोळ्यांना दिसत नाही. शिडाच्या दोन्ही अंगांचे धागे सरळ मागं उडत असले की शीड बरोबर धरलं आहे. एका अंगाचा धागा गळपटला की समजायचं, शीड जास्त ओढलं गेलं किंवा जास्त सैल पडलं. वारं जोराचं आणि एकसारखं असेल तर धाग्याविना चालतं, अंगालाच कळतं. वारं मंद झालं, फिरायला लागलं, की त्या धाग्यांवरच सगळं असतं.

दुसरे धागे लावायला घेतले. सरांकडं लोकर होती. पण तेवढ्यात भुरभुर सुरू झाली, शीड ओलं झालं आणि ओल्या शिडावर पट्टी चिकटेना. सदऱ्यानं पुसून लावावी तर लगेच सुटायची. भोंगा वाजला. नात म्हणाली, "ऱ्हाऊ दे सर," आणि होडी पाण्यात ढकलली.

दोन शर्यती होत्या, दोन्हींतले नंबर मिळवून निवड होणार होती. सकाळच्या शर्यतीत वारं पन्हाळ्याकडनं येत होतं, दणकून आणि एकसारखं. ती पहिली आली. मागच्या पोरीत आणि हिच्यात दोन होड्यांचं अंतर होतं. मला इतकं हायसं वाटलं की मी काठावरच्या दगडावर बसले. धाग्यांची गरजच नव्हती तर, म्हटलं. सर म्हणाले, दुपारी पहिल्या तिघींत आली तरी निवड पक्की.

मधल्या वेळेत पाऊस थांबून थांबून येत राहिला. शीड वाळलंच नाही.

दुपारी काठावर गर्दी झाली. आमच्याकडच्या माणसांना शर्यत कसलीही चालते, ती बघायची आणि ओरडायचं. बाहेरगावाहून एका पोरीचे वडील आले होते, मुलगा त्यांच्याजवळ उभा होता.

"पावणं, तुमची पोरगी कंची?"

"ती काय, पांढऱ्या शिडाची."

"सगळीच पांढरी हाईत की ओ!"

"व्हय की. मला बी कळंना झालंय. जी फुडं यील ती आपली म्हणायची."

सगळे हसले. भोंगा वाजला आणि नऊच्या नऊ होड्या सुटल्या. पाण्यात खुणेचे तीन तरंगते बोये टाकले होते, त्यांना दोन फेऱ्या घालायच्या होत्या. पहिल्या फेरीत नात दुसरी होती. मुलगा "वढ! वढ!" करून ओरडत होता, जणू बैल पळवतोय. आणि मग वारं पडलं.

असं पडलं की तळं आरशासारखं झालं. शिडं वाळत घातलेल्या धोतरासारखी लोंबली. माणसंही गप्प झाली. मग पलीकडं कळंब्याचं कारागृह आहे त्या बाजूनं पाण्यावर एक काळी रेघ उठली, वारं तिकडून यायला लागलं, थोडं आलं, फिरलं, परत गेलं. पोरी शिडं इकडची तिकडं करायला लागल्या. पावण्यांची पोरगी नातीच्या मागं होती. तिनं मान वर करून शिडाकडं बघितलं, दोर जरा सैल सोडला आणि तिची होडी सरकली. बघून सोडला, मला काठावरून दिसलं. तिच्या शिडावर धागे होते.

नातीनं दोर ओढून धरला होता. तिची होडी जागेवर होती. ती तळ्याकडं बघे, काठावरच्या झेंड्याकडं बघे, गालाला वारं लागतंय का म्हणून मान फिरवी. शिडाकडंही बघायची, सवयीनं, त्याच जागी, आणि तिथं काही नव्हतं. तीनदा बघितलं तिनं. मी मोजलं. एवढ्यात एक पोरगी पुढं गेली, दुसरी गेली, तिसरी, चौथी.

"ढिला सोड!" सर पाण्याच्या कडेला जाऊन ओरडले. एवढ्या लांब ऐकू जात नव्हतं.

शेवटच्या बोयाला आली तेव्हा ती सहावी होती. मग पन्हाळ्याकडनं पावसाची सर आली. वारं आणि पाऊस एकदमच. मागच्या दोन होड्या पालथ्या झाल्या. नात सगळं अंग बाहेर टाकून ओणवी झाली, डोकं पाण्याला टेकत होतं. अशी आली की काठावरचे सगळे तिच्यासाठी ओरडायला लागले, पावणंसुद्धा. तिनं एकीला मागं टाकलं, दुसरीला मागं टाकलं. तिसरीच्या बरोबरीला आली आणि शर्यत संपायची रेघ आली.

चौथी. हातभर अंतरानं.

तिनं होडी काठाला लावली, शीड उतरवलं, घडी घातली. रडली नाही. पावणं मुलाला म्हणाले, "तुमची पोरगी वाघीण हाय राव." मुलगा म्हणाला, "हाय खरं, चौथी आली न्हवं." आणि पिशव्या उचलल्या.

त्यानं शब्द पाळला आणि तिनंही पाळला. बोट बंद झाली. सर दोनदा घरी आले, दुसऱ्यांदा तर हात जोडले. मुलगा म्हणाला, कबूल केलं होतं. नातही म्हणाली, कबूल केलं होतं. ती त्यानंतर तळ्यावर गेली नाही. कॉलेजला जाताना तळ्याची वाट सोडून लांबनं जायची. माझ्यापाशी झोपायची, पण लाथा मारायची थांबली. हलायचीच नाही. मी जागी असायचे, तीही जागी असायची.

वर्षानं तिनं स्वतःच पुण्याचा नर्सिंगचा फॉर्म भरला. वडिलांनी विचारलं, हितं काय कमी हाय? ती म्हणाली, "बोट सोडली की मी. आता ह्यो एक हट्ट पुरवा." त्याला नाही म्हणता आलं नाही.

ती जायच्या दिवशी सकाळी मी तिची बॅग भरायला बसले. सून स्वयंपाकघरात चटणीचा डबा भरत होती. मी म्हटलं, "पहिलं दोन धागं चुकून कापलं. मागलं चार मी काढलं. कळत हुतं काढताना."

ती कपड्यांची घडी घालत होती, ती घालून पुरी केली.

"ठाऊक हाय," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला? दोन जागी कात्रीचं टोक लागलंय, दोऱ्याचं बूड शिल्लक हुतं. चार जागी पट्टीच न्हवती. पट्टी उकरून काढाय लागती, आज्जे. लोंबता धागा कुणी उकरून काढत न्हाई."

"मग बापाला का न्हाई सांगितलंस?"

"सांगून? तुला बोलला असता. जलमभर बोलला असता." तिनं बॅगेची चेन ओढली, ती अडकली, परत ओढली. "आन् मी धाग्याबिगर जिंकाय पायजे हुतं. चांगली पोरगी जिंकती."

हे तिला खरंच वाटत होतं की माझ्यासाठी म्हणाली, मला माहीत नाही.

"तू मला का न्हाई इचारलंस?" मी म्हटलं.

"मी वाट बघत हुतो. तू आपणहून सांगतीस का ते." बॅग दाराकडं सरकवत ती म्हणाली, "वर्ष लावलंस."

मुलगा रिक्षा घेऊन आला. ती पाया पडली. मी डोक्यावर हात ठेवला. एवढंच झालं.

ती गेल्यावर संध्याकाळी मुलगा जेवायला बसला. मी त्याला सगळं सांगितलं. तिला बोलणी बसू नयेत म्हणून नाही, माझी मला बसावीत म्हणून.

त्यानं ऐकून घेतलं. "आई, लोकरीच्या धाग्यानं कुणी शर्यत हरतंय व्हय? तिला पाठीशी घालू नगंस. हरली ती."

"हरली न्हाई. मी हरवली."

तो भाकरी मोडत होता. थांबला. "का म्हणून?"

"ती जायला नको हुती मला."

सून चुलीपाशी उभी होती, तिनं तोंड फिरवलं. मुलानं हातातली भाकरी ताटात ठेवली. मग म्हणाला, "मला बी नको हुती. म्हणून तर तसलं कबूल करून घेतलं." आणखी भाकरी त्यानं घेतली नाही. पुढ्यातलीही खाल्ली नाही. हात धुऊन बाहेर गेला.

दर रविवारी तिचा फोन येतो. मुलगा तो मोठ्या आवाजावर लावून माझ्यापुढं ठेवतो आणि स्वतः बाजूला बसतो. ती विचारते, जेवलीस काय, गुडघं कसं हाईत. मी सांगते. परवा मुलगा मध्येच वाकून फोनमध्ये म्हणाला, "का गं, तिकडं तळं-बिळं हाय काय जवळपास?"

"हाय की," ती म्हणाली. "मोठं हाय म्हणं. बोटी बी हाईत."

"गेलतीस काय बघाय?"

"न्हाई."

मग तिनं आईला बोलवायला सांगितलं.